भिकुबाईच्या नावाची घागर

७ जानेवारी १९९०, रविवार

पुना, खोकला कसा आहे? काढा घेतलास की तसाच ओतून दिलास? सुनंदा, तुझी कंबर? दोन-दोन हंडे एकदम उचलू नको, किती वेळा सांगायचं पोरी! कमल, तिकडे यावलला तुझ्या सासूबाईंच्या डोळ्यांची पट्टी निघाली का? भाईदास, गुडघा वाकतो का रे आता? तांबड्या गाईचा खूरही विचारून घेतो, तिचं तरी कोण विचारणार.

उत्तर कोणाचंच येणार नाही. वहीला विचारतोय मी.

दिवा लावला की पुनाची माय असं एकेकाचं विचारायची. सगळ्यात शेवटी सगळ्यांना मिळून, 'बठ्ठा बरा शेतस ना?' तिला जाऊन परवा तीन महिने होतील. आता मी, त्याच्या बापाने, विचारलं की पुना 'बरं शे' म्हणतो आणि पायात चपला घालतो. म्हणून ही वही. बियाण्याच्या दुकानात फुकट मिळाली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळेत गेलोच नाही. एस.टी.च्या पाट्या बघून बघून शिकलो — पारोळा, धुळे, जळगाव. पहिलं ओळखता आलेलं अक्षर ळ, तिन्ही गावांत आहे!

आज धुळ्याला जाऊन आलो. घरी सांगितलं, दात दाखवायचेत.

१० जानेवारी, बुधवार

ते एकदाचं लिहून टाकतो. मनात सारखं तेच फिरतंय.

तिच्या आतड्याला पीळ पडला होता. धुळ्याच्या मिशनच्या दवाखान्यात नेली. पोट कापलं. डॉक्टर म्हणाले, तोंडावाटे काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही, टाके उसवतील. तीन दिवस ती पाणी मागत होती. मी कापूस ओला करून ओठांवर फिरवायचो तर ती कापूस चोखायची, मग मी तोही काढून घेतला. आठव्या दिवशी सकाळी माझा हात धरून म्हणाली, "बठ्ठी जिंदगी मी तुम्हले पानी दिधं. आज तुम्ही माले देतस नही."

मी नाही दिलं. वाटलं, जगेल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली.

तिथे प्रमिलाबाई म्हणून नर्स होत्या, नवापूरकडच्या. तिचं सगळं त्यांनी केलं. घाण काढली, अंग पुसलं, केस विंचरले. आमच्या नात्यातल्या बाया यायच्या आणि नाकाला पदर लावून दारातच उभ्या राहायच्या. एकदा बाईंनी माझेही पाय धुतले. बस चुकल्यावर पारोळ्याहून चालत आलेल्या माणसाच्या टाचा कशा असतात ते त्यांना काय माहीत! चिखल होता, भेगांत रक्त होतं. मी पाय मागे घेतले. त्या म्हणाल्या, "नाना, राहू द्या, आमच्या गुरूनेही शिष्यांचे धुतले होते."

कसला गुरू हा, पाय धुणारा? आमच्याकडे गुरूचे पाय आपण धुतो. मला ते समजून घ्यायचंय. बाकी काही नाही.

बाईंची डिसेंबरात शहाद्याकडे बदली झाली. जाताना एक लहान काळं पुस्तक देऊन गेल्या. रोज दोन पानं वाचतो. बोट ठेवून.

२१ जानेवारी, रविवार

देवळात — त्यांच्या, मिशनच्या देवळात — शेवटच्या बाकावर बसतो. पहिल्या दिवशी चपला बाहेर काढायच्या की आत घालून जायचं ते कळेना. कोणी काढलेल्या, कोणी नाही. मी हातात घेऊन आत गेलो. पाळकांनी बघितलं, हसले नाहीत.

पाळक वसावे. तरुण माणूस, पस्तिशीचा. अक्राणीच्या डोंगरातले भिल्ल. आजा-पणजा लाकडाच्या मोळ्या घेऊन आमच्या बाजाराला यायचे, असं स्वतःच सांगतात. प्रार्थना संपली की बाहेर येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसतात. मी विचारतो, ते सांगतात. माहीत नसलं तर 'माहीत नाही' म्हणतात. आमच्या गावात हे वाक्य कोणाच्या तोंडून मी ऐकलं नाही.

२२ जानेवारी

पुनाला कळलं. कंडक्टरने सांगितलं म्हणे. जेवताना म्हणाला, "नाना, तोंडमा दात चार. त्यास्ले दर इतवारले दखाडतस का?" सुनंदा हसली. मीही हसलो. मग पुनाचं हसू गेलं आणि तो ताटावरून उठला.

४ फेब्रुवारी, रविवार

आज विचारलं. महिनाभर जिभेवर होतं.

म्हटलं, पाळकबुवा, मला तुमच्यात यावंसं वाटतं. त्या गुरूचं मला पटलंय. पण पुनाची माय कुठे आहे ते आधी सांगा. तिने त्याचं नाव कधी ऐकलं नाही. ऐकलं असेल तर दवाखान्यात, गाण्यात, कानावरून. तिने ते घेतलं नाही. तर ती कुठे?

पाळक पायरीवर सरकून जवळ बसले. मग म्हणाले, "नाना, माझ्या आजीचं मीही विचारलं होतं. पाळक होण्याच्या शाळेत. चार जणांनी चार उत्तरं दिली. मला माहीत नाही."

मंडळीचे एक पंच आहेत, रतिलाल मास्तर. पायजमा-कोट, हातात छत्री, उन्हातही. ते मागेच उभे होते. म्हणाले, यात न कळण्यासारखं काय आहे? ज्याने नाव घेतलं तो आत, ज्याने घेतलं नाही तो बाहेर. तुम्ही तुमचं बघा, गेलेल्यांचं सुटलं.

सुटलं! चाळीस वर्षं एका चुलीवरचं खाल्लं, ते असं छत्री झटकल्यासारखं सुटतं?

पाळक मास्तरांना म्हणाले, जरा थांबा. पण शब्द तोंडातून गेला होता. बसमध्ये खिडकीशी बसलो. मुकटीपर्यंत काय बघितलं ते आठवत नाही.

१३ फेब्रुवारी

पुस्तकात आज एक गोष्ट लागली. श्रीमंत माणूस आणि त्याच्या दारात पडून राहणारा भिकारी. दोघे मरतात. भिकारी वर जातो, मोठ्या म्हाताऱ्याच्या मांडीवर बसतो. श्रीमंत खाली, आगीत. खालून तो ओरडतो, त्याला म्हणावं बोटाचं टोक पाण्यात बुडव आणि माझ्या जिभेला लाव. एवढंच मागतो. आणि मिळत नाही. मध्ये मोठी दरी आहे म्हणे, इकडचा तिकडे जात नाही.

बोट तिथेच राहिलं. पान उलटलं नाही.

मला तो श्रीमंत दिसलाच नाही. मला ती दिसली, कापूस चोखताना.

१४ फेब्रुवारी

वही उघडली. लिहावंसं वाटत नाही.

१९ फेब्रुवारी

सुनंदा विचारत होती, नाना जेवत का नाही. म्हटलं, दात. ती म्हणाली, आता तरी दातांचं नाव सोडा. आणि भाकरी कुस्करून दुधात कालवून समोर ठेवली. चांगली सून आहे. माझी तिला भीती वाटते आणि कीवही येते, दोन्ही दिसतं.

४ मार्च, रविवार

पाळकांनी बाप्तिस्म्याचं विचारलं. पंधरा एप्रिलला त्यांचा मोठा सण, गुरू थडग्यातून उठला तो दिवस. त्या दिवशी दोघांना देणार आहेत. माझं नाव घ्यायचं का?

म्हटलं, घ्या.

का म्हटलं? तिच्यासाठीच. बसने येताना मनात हिशोब मांडला. मी आत गेलो तर आतल्या बाजूने तिच्यासाठी बोलता येईल. बाहेरून ओरडून कोणी ऐकत नाही. कचेरीतही आपला माणूस आत बसलेला लागतो. पाळकांना हे सांगितलं नाही, हसले असते. कदाचित नसते.

पण त्यांनी एक अट सांगितली. खाली बघत सांगितली. बाप्तिस्मा झाल्यावर पितरांची घागर भरायची नाही. आगारी टाकायची नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सत्तावीस एप्रिलला. तिची पहिली आखाजी! बारा दिवसांनी!

मी त्यांना समजावू लागलो. वर्षभरात गेलेलं माणूस आखाजीपर्यंत तहानेलं फिरतं. त्या दिवशी नवी लाल घागर पाण्याने भरायची, वर खरबूज ठेवायचं, त्याच्या नावाने पुजायची. चुलीतले निखारे काढून पुरणाचा, सांजोरीचा, आमरसाचा घास तुपासकट त्यावर ठेवायचा. धूर वर गेला की त्याला पोचलं. ते म्हणाले, "नाना, मला आगारी माहीत आहे. माझी आई अजून टाकते, मी गावाला गेलो की लपवते."

मग म्हणाले, घागर दुसऱ्या कोणी भरली तर मी काय म्हणणार? तुमचा मुलगा आहे.

हो. पुना भरेल. मुलगा भरतोच. माझा हात लागायलाच हवा असं कुठे आहे? आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

१२ मार्च

होळी काल झाली. आज भाईदास आला. धाकटा भाऊ, पण बोलायला लागला की माझा बाप. ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला. आपल्या वाडवडिलांना काय तोंड दाखवशील, पाटलाच्या घरचा माणूस भिल्लाच्या हातून डोक्यावर पाणी घेणार, पोरांच्या सोयरिकी कशा होतील. मी म्हटलं, भिल्लाच्या हातचं पाणी चालत नाही आणि भिल्लाने आणलेला डिंक चालतो? तो म्हणाला, डिंक वेगळा.

मग त्याला गुडघा विचारला. चिडलेला असूनही सांगितला. वाकत नाही म्हणाला. जाताना मीच हाताला धरून ओट्यावरून उतरवला.

पुना घागर भरायला तयार आहे. 'मायनी घागर मी भरसू, तुम्ही काहीबी करा,' म्हणाला. तोंड वाकडं करून, पण म्हणाला.

१ एप्रिल, रविवार

आज काय झालं!

देऊळ भरलं होतं, लग्नाचे पाहुणे आले होते कोणाचे. मला शेवटच्या बाकावरून उठवून मध्ये बसवलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचं प्रभुभोजन असतं. मागच्या बाकापर्यंत ताट कधी येत नसे. आज हातोहात माझ्यापुढे आलं. पांढऱ्या पावाचे बोटाएवढे तुकडे. शेजारच्याने घेतला, मी घेतला, पुढे दिलं. पाळक वरून सांगत होते — हे खाईल तो मरणार नाही. जो खाईल तो कायमचा जगेल.

सगळ्यांनी तोंडात टाकला. मी तोंडापर्यंत नेला आणि थांबलो. एवढी मोठी वस्तू, आणि मी एकट्याने खायची? प्रसाद मिळाला की घरी आणायचा असतो. पेढ्यातला अर्धा आपण, अर्धा घरच्यांना. सप्त्याला मिळालेला एक बत्तासा ती पाच जणांत वाटायची. आणि हा तर मेलेल्याला जगवणारा प्रसाद. ज्याला गरज आहे त्याला द्यायला नको?

रुमालाच्या टोकाला गाठ मारली.

घरी आलो तर चार वाजले होते. चुलीत निखारे होते, सुनंदा मागे शेळीला पाला टाकत होती. तीन निखारे खापरीवर काढले. थोडं तूप. वर तो तुकडा ठेवला. म्हटलं, भिकुबाई, हे घे. तुझ्यासाठी आणलंय. यात सगळं आहे म्हणतात.

आधी कडा काळ्या झाल्या. मग धूर. सरळ वर गेला. धाब्याच्या धुराड्यातून बाहेर.

पोचलं! दरी असो की काही असो. धुराला कसली दरी.

३ एप्रिल

दोन दिवस मला हलकं हलकं वाटतंय. गाईच्या खुराला हळद-तेल लावलं. पुनाला विचारलं, खोकला? तो म्हणाला, कधीच गेला नाना. मला कळलंच नव्हतं.

८ एप्रिल, रविवार

मीच सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. आनंदाच्या भरात पाळकांना सांगितलं. म्हटलं, आता तिचंही झालं, पंधरा तारखेला माझं होईल, मग दोघे एका बाजूला.

पाळकांचा चेहरा मी विसरणार नाही. रागावले नाहीत. एखाद्याच्या घरी वाईट बातमी घेऊन जाताना माणूस दारात उभा राहतो ना, तसे दिसले.

"नाना, ते तुम्ही खायचं होतं."

"मी एकट्याने कसं खाऊ?"

उत्तर रतिलाल मास्तरांनी दिलं. ज्याचा बाप्तिस्मा नाही त्याने ताटाला हात लावायचाच नाही, हे आधी. आणि लावून तो तुकडा विस्तवात! प्रभूचं शरीर! पितरांना! त्यांचा आवाज कापत होता. मला आधी वाटलं राग आहे. नंतर लक्षात आलं, ते खरोखर घाबरले होते. त्यांच्या बापाने हे सगळं सोडताना गावाने विहीर बंद केली होती म्हणे. आठ वर्षं नाल्याचं पाणी प्याले. जे सोडायला एवढं भोगलं, तेच मी त्यांच्या ताटातून उचलून चुलीत नेलं. त्यांचंही चूक नाही.

पंचांनी तिथेच आतल्या खोलीत बैठक घेतली. मी पायरीवर. तासाभराने पाळक बाहेर आले. यंदा नको म्हणतात, नाना. वर्षभर थांबा. जुनं सुटू द्या.

विचारलं, आणि तिला पोचलं का?

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. 'हो' म्हणाले नाहीत. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, हीच पंचाईत आहे.

१० एप्रिल

सुनंदाने त्या दिवशी पाहिलं होतं, मागच्या दारातून. सण नाही, वार नाही आणि म्हातारा निखाऱ्यावर काय जाळतो? आठवडाभर पोटात ठेवलं बिचारीने. काल मी पुनाला पंचांचं सांगत होतो तेव्हा तिला तुकडा कसला ते कळलं आणि ती रडायलाच लागली. तिथून भाईदासला कळलं. भाईदासला कळलं म्हणजे गावाला कळलं.

आज आला. ओट्यावर बसला नाही, अंगणात उभा राहिला. या वेळी आवाज चढवला नाही. हळू बोलला, तेच जास्त लागलं.

"भाऊ, तू वहिनीले बाटाडी दिधं. तिले आते आपलं पानी चालस नही."

म्हणजे तिच्या नावाची घागर भरायची नाही. ती आता आपल्या पितरांत नाही. बाकीच्या पितरांबरोबर तिला बसवली तर तेही उठून जातील. मी म्हटलं, पुना, तू म्हणाला होतास. तो म्हणाला, काका म्हणतात ते नाना... आणि पुढचं वाक्य गिळलं.

तिकडे म्हणतात, त्यांच्यात ती कधी नव्हतीच. इकडे म्हणतात, आता आमच्यात नाही. मेलेल्या बाईला मी घर ठेवलं नाही. जिवंतपणी पाणी दिलं नाही, मेल्यावर दुसऱ्यांचंही तोडलं. एवढं वाटोळं वैऱ्यानेही केलं नसतं. आणि सगळं मायेने!

१३ एप्रिल, शुक्रवार

आज त्यांचा दुःखाचा दिवस. गुरूला खिळे ठोकले तो. गेलो नाही. घरी पुस्तक उघडलं. शेवटी शेवटी तोही म्हणतो, तहान लागली. त्याला आंब, म्हणजे आंबट दारू, दिली, बोळा काठीला लावून. निदान कोणी काही दिलं.

पुस्तक फळीवर ठेवलं.

१५ एप्रिल, रविवार

आज होता बाप्तिस्मा. दोघांचा झाला असेल. मी बाजरीला कीड लागली होती ती निवडली.

२२ एप्रिल

दोन रविवार धुळ्याची बस गेली. फाट्यावर थांबते, मला बघते, जाते. कंडक्टर आज म्हणाला, काय नाना, दात बरे झाले का? पोरगं वाईट नाही. मीच हात हलवून जा म्हटलं.

प्रार्थनेला कोणापुढे बसू? त्याच्यापुढे बसलो तर ती आठवते. मारुतीपुढे बसलो तर तो विचारेल, इतके दिवस कुठे होतास.

२५ एप्रिल

कमल आली माहेरी, आखाजीला. यावलची केळी घेऊन आली, अख्खा घड. सासूबाईंचे डोळे बरे आहेत, आता त्यांना सुनेच्या भाजीतले खडे दिसतात म्हणाली. हसली, घरभर फिरली, माय ज्या खांबाला हात पुसायची तो बघून थांबली. मग विचारलं, मायची घागर आणली का? कुंभाराच्या घागरी ओसरीत होत्या. दोन. वाडवडिलांची आणि माझ्या आईची.

पुनाने तिला मागच्या अंगणात नेऊन सांगितलं. मी इथे बसून सगळं ऐकलं. कमलचा आवाज वाढला, मग खाली आला.

२७ एप्रिल, शुक्रवार. आखाजी

मला ओट्यावर बसवलं. आत येऊ नका असं कोणी म्हटलं नाही. सुनंदाने पाट ओट्यावर मांडला, एवढंच.

आत निखारे काढल्याचा आवाज. तूप पडलं की चुरचुर होते ती ऐकू आली. पुना नावं घेत होता, भाईदास मागून सांगत होता. पणजा. आजा. माझा बाप. माझी आई. प्रत्येक नावाला एक घास. मी इथे बोटं मोजत होतो. आईनंतर पुना थांबला. मला वाटलं आता. भाईदास खोकला. मग घंटी वाजली आणि संपलं.

तिचं नाव आलं नाही.

कमलने बाहेर मला ताट आणलं. आमरस, पुरणाचा मांडा. डोळे सुजलेले. म्हणाली, "नाना, तुम्ही ज्यास्कडे जातस, त्यास्ना देव तिले पानी पाजी का?"

म्हटलं, मला माहीत नाही गं.

पाळकांचं वाक्य माझ्या तोंडात आलं. ते बोलताना त्यांना काय वाटत असेल ते आज कळलं. कमल माझ्याजवळ बसली. दोघांनी ताटाला हात लावला नाही. बाहेर गल्लीत पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. दरवर्षी पुनाची माय त्यांना दटावायची, फांदी मोडेल म्हणून.

पुढे काही दिसत नाही. दोन्हीकडे दार लावलेलं आहे आणि लावणारी माणसं चांगली आहेत. वाईट असती तर भांडलो असतो.

३० एप्रिल

कमल गेली. केळीचा घड पिकला, कोणी खात नाही.

५ मे, शनिवार

प्रमिलाबाईंचं पत्र आलं, शहाद्याकडून. पाळकांनी त्यांना माझं सगळं कळवलं होतं म्हणे. त्या लिहितात, भिकुबाईंना शब्द दिला होता म्हणून बोलले नाही, पण आता गप्प राहिले तर पाप होईल. पाचव्या दिवशी दुपारी मी कमलला घ्यायला स्टँडवर गेलो होतो, तेव्हा तिने बाईंचा हात धरला. म्हणाली, तुमन्या गुरूनं नाव माले द्या. बाईंनी दिलं. तिने तीनदा घेतलं. बाईंनी वाटीत बोटं बुडवून तिच्या कपाळावर पाणी लावलं. आणि ती म्हणाली, "त्यास्ले सांगू नका. आखाजीले मनी घागर भरतीन ते. भरू द्या त्यास्ले." तिची घागर मी भरावी, म्हणून लपवलं.

आठव्या दिवशी तिने माझ्याकडे पाणी मागितलं, ते याच्या तीन दिवसांनी.

चार वेळा वाचलं. ती आधीच आत गेली होती. बाहेर आहे तो मी एकटा.

उत्तर लिहून ठेवलंय, सोमवारी टाकेन —

प्रमिलाबाईंना झुलाल पाटलाचा नमस्कार. तुमची तब्येत बरी असावी. नाव घेताना तिचा आवाज कसा होता? हसली का? मी तिच्या बाजूला यावं असं काही म्हणाली का? एक शब्द गाळू नका. आणि तिकडे एखादे पाळक असतील, ज्यांना चूक झालेला म्हातारा चालतो, तर त्यांना विचारा. लवकर कळवा बाई, मी पोस्टमनची वाट बघतोय.